रूपांतराचा उतारा पहिल्यांदा समजावताना

पुढच्या रविवारी तुला लूकच्या शुभवर्तमानातला 9:28-36 हा उतारा, डोंगरावर येशूचं रूप पालटतं तो, शिकवायला घ्यायचा आहे ना? मग तेजस्वी चेहरा आणि लखलखीत वस्त्रांवरच थांबू नकोस. सुरुवातीला मी तेच करायचो, आणि अर्धा उतारा हातातून निसटायचा.

31वी ओवी सावकाश वाच. तिथे प्रकट झालेले जुन्या करारातले मोशे आणि एलीया संदेष्टा येशूशी नेमकं काय बोलताहेत? यरुशलेमेत तो पूर्ण करणार होता त्या त्याच्या जाण्याविषयी. मूळ ग्रीक शब्द आहे ‘एक्सोडॉस’, म्हणजे निर्गमन. मोशेच्या दुसऱ्या पुस्तकाचं, म्हणजे ‘निर्गम’चं, ग्रीक नावही तेच. गौरव दिसतं त्याच क्षणी क्रुसाची बोलणी चालू आहेत! हे एकदा लक्षात आलं की मला तरी तो उतारा कधीच नुसता चमत्कार म्हणून वाचता आला नाही.

मग ढगाकडे ये. निर्गमचा 40वा अध्याय सोबत उघडून ठेव: दर्शनमंडपावर, म्हणजे इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूवर, ढग उतरतो आणि परमेश्वराचं तेज आत भरतं. इथे येशूचा शिष्य पेत्र तिघांसाठी तीन मंडप उभारायचं म्हणतो, पण तो बोलत असतानाच ढग येऊन त्यांच्यावर छाया करतो. त्याला हसू नकोस, तो झोपेने जड झाला होता आणि घाबरलेलाही.

डोंगर कोणता यावर वेळ घालवू नकोस; ताबोर ही परंपरा आहे, लूक नाव देत नाही. तो वेळ ढगातून आलेल्या वाणीच्या ‘याचे ऐका’ या शब्दांना दे, आणि मोशेच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली 18:15 ही ओवी कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घे; तिथे मोशे येणाऱ्या संदेष्ट्याविषयी हेच सांगतो.