रोज नऊवारी नेसायची आहे, सुटते, काय करू?

अगं, तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. वय 27, पुण्यात नोकरी, वाईकडच्या आजीसारखं घरी रोज नऊवारी नेसायचं, तिची पितळी भांडी वापरायची, पण नेसलेलं तासाभरात सुटतं आणि घरचे म्हणतात हे नाटक आहे. मी 11 वर्षं घरी रोज लुगडं नेसते, बाहेरही बऱ्याचदा, म्हणून सांगते, आणि तुला तू म्हणते, चालेल ना?

तू सणाच्या साडीने सुरुवात केलीयेस, तिथेच गडबड झालीये. ते जरीचं सिल्क किंवा पॉलिएस्टर मिक्स कापड घसरतं, त्याला गाठ धरत नाही. मीही पहिलं असंच चकचकीत घेतलं होतं, मंडईत गेले आणि जिना चढताना काष्टाच निसटला, दोन्ही हातात पिशव्या, तशीच भिंतीला टेकून उभी राहिले. त्या दिवशी रडले होते. सुती घे. सुती इरकल उत्तम, ती कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची, पण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या नेसली जाते. नवी असेल तर दोन-तीनदा धुऊन काढ, कोरं कापड ताठ असतं, अंगाला बसत नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, सहावारीपेक्षा पावणेतीन मीटर जास्त, ते सगळं कमरेच्या एका गाठीवर उभं असतं, परकर नसतो की पिना नसतात. म्हणून गाठ बेंबीपाशी घट्ट मार आणि मारताना पोट आत ओढून धरू नकोस, नाहीतर श्वास सोडलास की काचते, मग आपण ती सैल करतो आणि तिथून सगळं सुटायला लागतं.

आणि नेसून आरशासमोर उभी राहू नकोस, कामाला लाग. खाली बसून भाजी निवड, फरशी पूस, जिने चढउतर कर. ही नेसण कामासाठीच आहे गं, याच काष्ट्यावर बायांनी भाताची लावणी केलीये, विहिरीचं पाणी ओढलंय. वाकलीस, बसलीस की कळतं कुठे ओढ बसते, मग दुसऱ्या दिवशी तेवढंच सुधारायचं. मला महिना लागला, आता चार मिनिटं लागतात. शिवलेली नऊवारी घेऊ का विचारलंयस, तर कार्यक्रमाला ठीक आहे, रोजसाठी मी नाही म्हणेन, कारण उकाड्यात सैल करणं, पावसात वर खोचणं हे शिवलेल्यात होत नाही.

कोणती पद्धत बरोबर, ब्राह्मणी की घाटी की कोळी, यावर इथे लोक भांडतील, तू त्यात पडू नकोस. तुझी आजी नेसते ती.

भांड्यांचं मात्र नीट ऐक. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्याला आंबट चालत नाही. आतून कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर, नसेल तर ताक, चिंचेची आमटी, टोमॅटो काही ठेवायचं नाही, कळकतं, म्हणजे धातू उतरून पदार्थ खराब होतो. माझी कोकमाची आमटी एकदा कळकली होती, आख्खं पातेलं ओतून द्यावं लागलं, मुलं जेवायला बसायच्या आधी वास आला म्हणून बरं. कल्हईवाल्याला आधीच विचार, कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नको. तो भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथलाची कांडी फिरवून कापसाने पुसतो, समोर उभी राहून बघ. आतली चकाकी जाऊन पिवळं दिसायला लागलं की परत करायची, आणि रिकामं भांडं गॅसवर तापत ठेवायचं नाही, कथील वितळतं.

घरचे नाटक म्हणतात ते फक्त रविवारी फोटोपुरतं नेसलीस तर म्हणणारच. मंगळवारी कुकर लावताना पण तेच लुगडं दिसलं की दोन महिन्यांत बोलणं बंद होतं, माझ्या सासूबाईंचं झालं.

आणि आजीचं सगळंच घ्यायला हवं असं नाही हं. माझी आजी महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची, थंडीतसुद्धा वेगळ्या घोंगडीवर, ते मी माझ्या घरात येऊ दिलं नाही आणि मुलीलाही सांगितलंय. पण तिचं दंड घालणं मी घेतलं. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग कापून काढायचा आणि दोन्ही धड तुकडे एकमेकांना शिवायचे, लुगडं अजून वर्षभर जातं, त्यानंतर गोधडीला. तिचा टाका इतका बारीक असायचा की हात फिरवला तरच शिवण लागायची. माझा अजून तसा येत नाही, मी शिकतेय.

आता एक कर. या महिन्यात वाईला जा, दोन रात्री राहा. आजीला तुला नेसवायला सांगू नकोस, ती पहाटे स्वतः नेसते तेव्हा शेजारी बस आणि तिचे हात बघ, कापड कुठल्या बोटात धरते, गाठ मारताना अंगठा कुठे असतो. व्हिडिओत हे दिसत नाही. ती 82 ची आहे असं लिहिलंयस, म्हणून पुढच्या सुट्टीवर ढकलू नकोस. आणि येताना तिचं एक रोजचं जुनं लुगडं मागून आण, धुऊन धुऊन मऊ झालेलं. पहिले पंधरा दिवस तेच नेस, ते सुटणार नाही.