फोन खिशात ठेव आणि मुंग्या बघ

अगं, तुझा मेसेज वाचला. एकच पान चार-चार वेळा वाचतेस आणि डोक्यात काही शिरत नाही म्हणतेस, आणि मग ब्रेक म्हणून काय, तर फोन उघडतेस, म्हणजे मान तशीच, डोळे तिथेच. याला ब्रेक म्हणत नाहीत गं.

जवळ जी काय हिरवळ असेल तिथे जा. जंगलच हवं असं नाही, बाग चालेल, कॅम्पसचा मागचा कोपरा चालेल. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना पाऊण-एक तास चालायला लावलं, एकदा झाडांमधून, एकदा शहरातल्या रस्त्यांवरून, आणि आधी-नंतर ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणायला लावले. झाडांतून आल्यावर जास्त जमले. आणि मूड सुधारला की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता म्हणे, म्हणजे 'मला तिथे बोअर होतं' ही तुझी सबब बाद! रस्त्यावर गाड्या, हॉर्न सांभाळत लक्ष राबत असतं, झाडांत ते ओढून धरावं लागत नाही, एवढंच.

पण तिथे जाऊन स्टेप्स मोजत बसू नकोस. एक झाड धर. बुंध्यापाशी मुंग्यांची रांग दिसली की उकिडवी बस आणि रांगेच्या आडवं, जमिनीवर बोट घासून बघ. पुढची मुंगी तिथे येऊन थबकते, मिशा हलवते, मागे वळते, मागून येणारी तिच्यावर आदळते, ही गर्दी होते, मग एखादी आगाऊ पलीकडे जाते आणि हळूहळू रांग परत जुळते. मुंग्या वासाचा माग काढत चालतात आणि तो वास तू पुसलास. या वासाच्या रसायनाला 'फेरोमोन' म्हणतात हे मीही पाठ केलं होतं, मार्क पण मिळाले, कळलं मात्र पस्तिशीत, गुडघे दुखेपर्यंत बसल्यावर.

झाडाचं नाव ॲपवर लगेच शोधू नकोस, नाव मिळालं की बघणं थांबतं (माझं तरी थांबतं). छोटी वही ने, तारीख टाकून दिसेल ते दोन ओळीत लिही, पुढच्या आठवड्यात परत त्याच झाडापाशी. परीक्षा जवळ आली म्हणून हे पहिलं कापू नकोस.

आणि तेवढं कळव, तुझ्या मुंग्या सरळ गेल्या की वळसा घालून? माझ्या वळसा घालून गेल्या होत्या.