एमबीबीएसला नंबर लागला म्हणून मुलाने खेळ सोडावा का?

तुमचा मुलगा ज्युनिअर कॉलेजकडून फुटबॉल आणि व्हॉलीबॉल दोन्ही खेळला, आता एमबीबीएसला नंबर लागलाय, तर खेळ बंद करायला सांगावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: नका सांगू. मी स्वतः पहिल्या वर्षाला खो-खो सोडला. घरच्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं. अभ्यासाला वेळ जास्त मिळाला असंही झालं नाही, संध्याकाळी नुसतं खोलीत बसून राहायचो. आज पंचवीस वर्षं प्रॅक्टिस झाली, तरी ती चुटपुट आहे.

डॉक्टरकी आणि फुटबॉल दोन्ही सांभाळणाऱ्या डॉ. तालिमेरेन आओ यांच्याबद्दल मला फार उशिरा कळलं. जन्म १९१८चा, नागा टेकड्यांतल्या चांगकी गावचा. वडील धर्मोपदेशक होते. मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांसाठी काम करावं ही त्यांची इच्छा, आणि ते गेल्यावरही मुलाने ती सोडली नाही. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात हा मुलगा फुटबॉल, व्हॉलीबॉल आणि मैदानी खेळ, सगळ्यात पुढे. तुमच्या मुलासारखाच! १९४२ला त्यांनी कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला (आजचं आर. जी. कर), आणि पुढच्याच वर्षी ते मोहन बागान या फुटबॉल क्लबमध्ये गेले. दिवसा वॉर्ड आणि लेक्चर, संध्याकाळी कलकत्त्याचं मैदान.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचे ते कर्णधार. उद्घाटनाला देशाचा झेंडाही त्यांच्याच हातात होता. आपले गोळेश्वरचे खाशाबा जाधव त्याच पथकात होते. फ्रान्सविरुद्ध आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, दोन पेनल्टी वाया गेल्या, तरी सामना १-१ होता. अगदी शेवटी फ्रान्सने गोल केला आणि आपण २-१ असे हरलो. हे वाचताना मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा जाणवते: तिशीतला हा कर्णधार तेव्हा अजून मेडिकलचा विद्यार्थीच होता. एमबीबीएस झालं १९५०ला, म्हणजे प्रवेशानंतर आठ वर्षांनी.

तुमच्या प्रश्नात ‘एखादं वर्ष मागे पडला तर?’ अशी धास्ती आहे, म्हणून ही आठ वर्षं मुद्दाम सांगितली. अर्थात तेव्हाचा अभ्यासक्रम आणि आजचा सारखा नाही. हजेरी, इंटर्नल, पुढे पीजीची तयारी, हे ओझं खरं आहे. दोन्ही खेळ स्पर्धेच्या पातळीवर ठेवणं कदाचित जमणार नाही. पण कोणता ठेवायचा हे त्याला ठरवू द्या.

आओ पुढे कोहिमाला परतले. नाक-कान-घशाचे डॉक्टर म्हणून काम केलं, नागालँडचे आरोग्य संचालक झाले आणि १९७८ला निवृत्त झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २०१८ साली, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

कॉलेज सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात त्याला जिमखान्याच्या सरांना भेटायला सांगा. संघाची निवड बहुतेक ठिकाणी लवकर होते, आणि मी तेव्हा तिथपर्यंत गेलोच नव्हतो.