बॅग आधी उलटी करून बघा

वाचकांचे प्रश्न : दुचाकीवरचं सामान

या वेळी आलेल्या पत्रांत बॅगांचे प्रश्न जास्त आहेत, आणि हा विषय माझ्या पोटापाण्याचा. कोल्हापुरात उद्यमनगरात मी सत्तावीस वर्षं सीटकव्हर, जीपचे हूड आणि ताडपत्र्या शिवतोय. गाडीवरच्या बॅगा शिवतो थोड्या, दुरुस्त करतो फार.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं रॉयल एन्फील्डच्या क्लासिक 350 वरून सांगली ते मालवण जाणार आहोत, चार दिवसांसाठी. गाडी मी चालवते, हे मागे बसतात. शोरूमवाले पत्र्याचे बॉक्स बसवा म्हणतात, मुलगा म्हणतो कापडी सॅडलबॅगा, म्हणजे सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा, घे. एका बॅगेवर '1000 डेनियर, वॉटर रेझिस्टंट' लिहिलंय, दुसरीवर '1680 डेनियर'. मोठ्या आकड्याची घ्यायची का? पाऊस लागला तर काय? (एक शिक्षिका, सांगली)

ताई, मुलाचं ऐका. चार दिवसांच्या हौसेसाठी बॉक्स अडकवायची ती लोखंडी चौकट वर्षभर गाडीवर कशाला वागवायची? आणि गाडी कलंडली तर पत्र्याच्या बॉक्सखाली पाय सापडतो, कापडी बॅग निदान दबते तरी. मी शिवणारा आहे, तेव्हा माझं मत थोडं कापडाच्या बाजूचं धरा.

आता डेनियर. 9000 मीटर धागा काट्यावर टाकला आणि 1000 ग्रॅम भरला, की तो 1000 डेनियर. म्हणजे तो आकडा धाग्याच्या जाडीचा आहे, बॅगेच्या कामाचा नाही. कापड फाटलेली बॅग माझ्याकडे क्वचित येते. येतात त्या पट्टा मुळातून उसवलेल्या, नाहीतर चेन गेलेल्या. (चेन म्हणजे बॅगेची. गाडीच्या चेनचं गॅरेजवाल्याला विचारा.)

म्हणून दुकानात बॅग हातात आली की आधी उलटी करा, आतली बाजू बाहेर. पट्टा जिथे जोडलाय तिथे बोट फिरवा. एकेरी सरळ शिलाई दिसली तर बॅग जागेवर ठेवा. चौकोन आणि चौकोनात फुली, अशी शिलाई हवी, आणि तिच्यामागे कापडाचा आणखी एक पदर. कुठे दोऱ्याचं टोक लोंबत असेल तर तेवढं तोडून घ्या आणि बाहेर येऊन त्याला काडी लावा. सुती दोरा जळून राख होतो. नायलॉन किंवा पॉलिस्टर आक्रसतं आणि टोकाला कडक मणी धरतं. आपल्याला मणी हवा. सुती दोरा ओला-सुका होत कुजतो, आणि एक दिवस भर रस्त्यात पट्टा हातात येतो.

चेनच्या रनरच्या पाठीवर बहुतेक वेळा आकडा असतो, 5, 8 किंवा 10. मुख्य कप्प्याला 8 च्या खाली घेऊ नका. 5 नंबर पर्सला शोभतो.

'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे कापडावर आतून लेप आहे, शिंतोडे अडतील. पण सुई प्रत्येक टाक्याला एक भोक पाडते, आणि पाणी कापडातून नाही, त्या भोकांतून येतं. बॅग कोरडी राहायची तर शिलाईवर आतून टेप चिकटवलेली हवी. पूर्ण कोरडी राहणारी बॅग ताडपत्रीच्या जातीची असते. तिला टाका नसतो, जोड तापवून चिकटवलेले असतात, आणि तोंड तीन वेळा गुंडाळून बकल लावायचं असतं. गैरसोय एवढीच, की तळातला रुमाल हवा असला तरी सगळा संसार बाहेर काढावा लागतो. दिवाळीत कोकणात फार तर संध्याकाळी गडगडून एखादी सर येते. तेवढ्यासाठी शिवलेली बॅग आणि आत जाड प्लास्टिकची पिशवी पुरे. सोबत मिळणाऱ्या रेनकव्हरवर फार विसंबू नका. ते वाऱ्याने फुगतं, आणि नाही उडालं तर पाणी त्याच्याच तळाला साचतं. तळाशी निचऱ्याचं भोक आहे का बघा.

निघायच्या आधी एक करा. बॅगेत वर्तमानपत्राचे कागद कोंबा, गाडीवर बांधा आणि पाच मिनिटं नळीने पाणी मारा. खालूनही मारा, कारण मागचं चाक पाणी खालूनच उडवतं. मग कागद काढा. ओला डाग कुठे पडलाय ते बघितलं की भोक कुठे आहे ते कळतं.

इथवर सगळं बॅगेचं झालं. माझं स्वतःचं नुकसान झालं ते बांधण्यात. 2011 च्या जूनमध्ये आम्ही दोघं गगनबावड्याला निघालो होतो. बॅगा मीच शिवलेल्या, शिलाई अशी की ओढून तुटायची नाही. कळे गाव सोडलं आणि जळका वास यायला लागला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचे ब्रेक तापलेत. ट्रक वळून गेला, वास तिथेच. थांबून बघतो तर उजवीकडची बॅग खड्ड्यांत हिंदकळत सायलेन्सरला जाऊन चिकटलेली. आत सासूबाईंसाठी नेलेलं इरकल होतं. घडी उलगडली तर करपलेली सात भोकं ओळीने, पहिलं आठ आण्याएवढं, शेवटचं मोहरीएवढं. आमची ही एवढंच म्हणाली, "तुम्हाला शिवायला येतं, बांधायला येत नाही."

तुमच्या गाडीचा सायलेन्सरही उजवीकडेच आहे. डावीकडे साडीगार्ड असतं, ते बॅगेला चाकापासून लांब ठेवतं. उजवीकडे तसं काही नाही, म्हणून त्या बाजूला सॅडल स्टे बसवून घ्या. लोखंडी दांड्याचं साधं कडं असतं ते, बॅग त्याला टेकते. बॅग पूर्ण भरून, मागे यजमानांना बसवून बघा. सायलेन्सर आणि बॅगेचा तळ यांत आडवा तळहात आरामात जायला हवा. दोन्ही बॅगांना जोडणारे पट्टे सीटवरून नेऊ नका, चार दिवस त्यांच्यावर बसवणार नाही. मागची सीट काढून पट्टे खालून घ्या. ते मडगार्डला जिथे टेकतात तिथे जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा घाला. पट्ट्याखाली धूळ शिरली की तिचा पॉलिशपेपर होतो आणि मालवणला पोचेपर्यंत रंग जातो. पट्ट्यांची उरलेली टोकं गुंडाळून रबर लावा. वाऱ्यावर फडफडणारं टोक चाकात जायला वेळ लागत नाही.

वजनाचं म्हणाल तर दोघं बसल्यावर एका बाजूला पाच-सहा किलोंच्या वर जाऊ नका, आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवा. भंगारवाल्याकडे लटकता काटा असतो, पाच मिनिटं मागून घ्या. जड वस्तू तळाला आणि पुढच्या अंगाला, म्हणजे यजमानांच्या पोटऱ्यांजवळ. कपडे मागे. मागच्या टोकाला वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि फोंडा घाट उतरताना वळणावर हँडल नाचल्यासारखं वाटतं. मागच्या टायरची हवा पुस्तकात डबलसीटसाठी लिहिली असेल तेवढी, आणि मागचे शॉकअप गॅरेजवाल्याकडून एक खाच कडक करून घ्या. बॅगेने नंबरप्लेट किंवा इंडिकेटर झाकला जात नाही ना, हे मागे उभं राहून बघा.

येताना मालवणातून खाजं आणि कोकम आणाल, म्हणून जाताना बॅग चोंदू नका.

प्रश्न : माझ्याकडे स्प्लेंडर आणि 2000 रुपये आहेत. कराडहून रायगडला एकटा जाणार आहे. कुठली बॅग घेऊ? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कराड)

कुठलीच नको. कॉलेजची सॅक आहे ना? ती धुतलेल्या खताच्या पोत्यात घाल, पट्टे आत खोच, आणि मागच्या सीटवर आडवी बांध. बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घे, पंक्चरवाला फुकट देतो. गवळी किटल्या बांधतात तशी आवळायची, एक पट्टी उभी, दोन आडव्या. हुकवाली रबरी दोरी घेऊ नकोस. ताणलेला हुक सुटला की सरळ डोळ्याकडे येतो. माझ्याकडे कामाला असलेल्या एका पोराच्या भुवईला त्याचे तीन टाके आहेत. सॅक पाठीवर घेऊनही जाऊ नकोस, महाड येईपर्यंत खांदे भरून येतात. उरलेल्या पैशांत हातमोजे घे. तरीही उरले तर पाचाडला जेव.

प्रश्न : चुंबकवाली टँकबॅग मागवली, ती टाकीला चिकटतच नाही. बॅग खराब आहे का? (एक वाचक, नाशिक)

बॅग ठीक असेल, टाकी बघा. बऱ्याच नव्या गाड्यांच्या टाकीवर वरून प्लास्टिकचं कव्हर असतं, त्याला चुंबक काय करणार? फ्रिजवरचं खेळण्यातलं चुंबक लावून बघा, दोन सेकंदांत कळेल. बॅग परत करता आली तर पट्ट्यांची घ्या. नाही आली, तर माझ्यासारख्या एखाद्या सीटकव्हरवाल्याकडे जा. चार पट्टे शिवून द्यायला त्याला अर्धा तास लागेल. फुलीची शिलाई घाल म्हणून आधीच सांगा.