वाचकांचे प्रश्न : जुनी माउंटन बाइक दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

प्रश्न : माझ्याकडे सुमारे वीस वर्षांपूर्वी घेतलेली गिअरची माउंटन बाइक आहे. फ्रेम लोखंडी, चाके २६ इंची, रिम चकचकीत लोखंडी, मागे सात गिअर, पुढे तीन चकत्या, ब्रेक रिमवर दाबणारे आणि चाक धरणाऱ्या पुढच्या चिमट्याला शॉकअप असे तिचे स्वरूप आहे. गेली बरीच वर्षे ती जिन्याखाली पडून होती. आता रोज शाहूपुरीहून पोवई नाक्यापर्यंत जाण्यासाठी आणि रविवारी यवतेश्वरचा घाट चढण्यासाठी ती वापरावी असे वाटते. एका दुकानदाराने टायर, ट्यूब, चेन, केबल, मागचे गिअर, दोन्ही रिम आणि शॉकअप बदलून ओव्हरहॉलिंग करण्याचे साडेआठ हजार रुपये सांगितले. दुसऱ्याने मात्र ती भंगारात घालून अठरा-वीस हजारांची नवी घेण्याचा सल्ला दिला. काय करावे? (एक वाचक, शाहूपुरी, सातारा)

उत्तर : दोन्ही दुकानदारांनी आपल्याला आकडे सांगितले, पण त्यांपैकी कोणी फ्रेम निरखून पाहिली असे आपल्या पत्रातून दिसत नाही, आणि या प्रश्नाचा निकाल मुख्यतः तिथेच लागतो. चेन, टायर, केबल, छर्रे हे सगळे बदलता येते. फ्रेम बदलली की सायकलच बदलली. म्हणून खर्चाचा हिशेब मांडण्याआधी सुटीची एक सकाळ फ्रेमसाठी काढावी.

सायकल डिझेलच्या फडक्याने पुसून स्वच्छ करावी आणि उन्हात आडवी ठेवून सांधे पाहावेत. हँडलखालच्या आखूड नळीला जिथे दोन नळ्या येऊन मिळतात तो भाग, त्यातही खालच्या नळीची जमिनीकडची बाजू, पॅडलचा एक्सल ज्यात बसतो ते कवच, सीटखालचा सांधा आणि मागचे चाक ज्या दोन खाचांत अडकते त्या खाचा, या फ्रेमच्या मोडण्याच्या जागा आहेत. तिथे रंगावर केसाएवढी रेघ दिसली तर लगेच घाबरण्याचे कारण नाही, कारण कधीकधी नुसता रंगच फुटलेला असतो. खात्री करण्यासाठी त्या जागी डिझेल लावून थोडा वेळ थांबावे, ती जागा पूर्ण कोरडी पुसावी आणि वर पांढरा खडू घासावा. खरा तडा असेल तर आत मुरलेले डिझेल काही वेळात खडूवर ओलसर रेघ होऊन उमटते. तसे नसेल तर खडू कोरडाच राहतो. ही जुनी वर्कशॉपमधली युक्ती आहे आणि तिला खर्च जवळजवळ शून्य आहे.

लोखंडी फ्रेमला बाहेरून दिसणाऱ्या गंजापेक्षा आतला गंज अधिक घातक असतो. साताऱ्याच्या पावसात सीटच्या नळीतून झिरपलेले पाणी खाली पॅडलच्या एक्सलच्या कवचात साचते आणि तिथून निघायला त्याला वाट नसते. म्हणून मेकॅनिककडून हा एक्सल आपल्यासमोर उघडून घ्यावा. आत तांबूस पूड आणि वाळलेले ग्रीस निघाले तर ते साफ करून नवा एक्सल बसवता येतो, परंतु कवचाचे आटे खाल्ले गेले असतील किंवा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर नळीचा पत्रा पोपडे धरून सुटत असेल, तर पुढचा खर्च करू नये. त्याच वेळी सीटखालचा पाइप हलतो का तेही पाहावे. लोखंडी नळीत अॅल्युमिनियमचा पाइप वर्षानुवर्षे ग्रीसशिवाय राहिला की ओलाव्यामुळे दोन धातू एकमेकांना असे धरतात की पुष्कळदा पाइप कापूनच काढावा लागतो, आणि त्याची मजुरी कोणत्याही अंदाजपत्रकात आधी धरलेली नसते.

फ्रेम या तपासणीत खरी उतरली, तर माझे मत स्पष्ट आहे : सायकल ठेवावी आणि दुरुस्त करावी. मात्र साडेआठ हजारांचा आकडा आहे तसा मान्य करू नये. त्यातले टायर, ट्यूब, चेन, केबल आणि ब्रेकपॅड या झिजणाऱ्या वस्तू आहेत. नवी सायकल घेतली तरी तीन-चार वर्षांत त्या बदलाव्याच लागतात. त्यांचा खर्च जुन्या सायकलच्या माथी मारून 'दुरुस्ती परवडत नाही' असे म्हणणे हा हिशेब लंगडा आहे. दुकानदाराकडून झिजणाऱ्या वस्तूंची किंमत वेगळी आणि रिम, शॉकअप, मजुरी यांची वेगळी लिहून घ्यावी. ही दुसरी रक्कम नव्या सायकलच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत असेल, तर दुरुस्तीच फायद्याची, असा मी स्वतःपुरता ठोकताळा ठेवला आहे.

त्यातही काय खरोखर बदलायचे आहे हे मोजून ठरवावे. चेनसाठी स्टीलची फूटपट्टी पुरते. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवले, तर चोविसाव्या कडीनंतरची पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली असेल तर चेन बदलावी. पूर्ण एक सूत पुढे गेली असेल तर चेनबरोबर मागचे फ्रीव्हीलही (मागच्या चाकावरचा दातेरी गिअरचा संच) बदलावे, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन चढावर जोर लावताच घसरते. आपली सायकल फार न चालवता पडून राहिली असेल तर चेन नुसती गंजलेली असण्याची आणि फ्रीव्हील शाबूत असण्याची शक्यता चांगली आहे.

रिमच्या बाबतीत मात्र दुकानदाराशी मी सहमत आहे. लोखंडी, क्रोम चढवलेल्या रिमवर पावसात ब्रेक जवळजवळ लागतच नाही. गावात सपाटीवर ते निभावून जाते, पण समर्थ मंदिराकडून वर जाणारा यवतेश्वरचा घाट चढून गेले की तो उतरावाही लागतो, आणि कास पठाराकडे जाणाऱ्या गाड्यांची त्या रस्त्यावर वर्दळ असते. चाकाच्या मध्यातली जुनी माळ (हब) आणि स्पोकची संख्या तपासून, बहुधा ती ३६ असते, तेवढ्याच भोकांच्या अॅल्युमिनियमच्या रिम बसवून घ्याव्यात आणि चाकाचा आउट (डगमग) नीट काढून घ्यावा. ब्रेकपॅड जुने असतील तर ते वरून चांगले दिसले तरी टाकून द्यावेत. त्यांचे रबर कालांतराने कडक होते. मूठीजवळ केबलची एखादी तार जरी सुटलेली दिसली तरी केबल बदलावी.

टायर घेताना एक सावधगिरी हवी. नुसते '२६ इंची' म्हटले की दुकानदार साध्या सायकलचा २६ बाय १ ३/८ चा टायरही पुढे करू शकतो, आणि तो आपल्या रिमवर बसत नाही. माउंटन बाइकच्या टायरवर ५५९ हा आकडा छापलेला असतो. साध्या सायकलच्या त्या टायरवर ५९० असतो. आकडा वाचूनच पैसे द्यावेत. रोजचा डांबरी रस्ता असल्याने खोल खाचांचे टायर घेण्याऐवजी मध्ये गुळगुळीत आणि कडेला खाचा असलेले टायर घेतले तर दम कमी लागेल.

शॉकअप हा या यादीतला सर्वांत वादाचा विषय. त्या काळातल्या स्वस्त शॉकअपमध्ये साधी स्प्रिंग असते. ती गंजून अडकली की शॉकअप धक्का घेत नाही, फक्त वजन वाढवतो. तसाच दुसरा स्वस्त शॉकअप घेऊन पुन्हा पैसे घालण्यापेक्षा साधा लोखंडी चिमटा बसवावा असे माझे मत आहे. सायकल हलकी होईल आणि चढावर पॅडलला उभे राहून जोर लावताना पुढचा भाग खाली-वर होणार नाही. नवा चिमटा मात्र हँडलच्या नळीच्या मापाचा, तेवढ्याच लांबीच्या आट्यांचा आणि उंचीला जुन्या शॉकअपच्या जवळपास असावा. तो फारच आखूड असेल तर सायकलचे तोंड खाली येते आणि हँडल उतारावर अस्थिर वाटते.

घाटासाठी मी एकच वाढीव खर्च सुचवेन. आपल्या सायकलचे पुढचे सर्वांत लहान चक्र २८ दातांचे आणि मागचे सर्वांत मोठे चक्रही २८ दातांचे असेल, तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाक एकदा फिरते आणि सायकल दोन मीटरांहून किंचित पुढे सरकते. फ्रीव्हील बदलायची वेळ आलीच, तर सात गिअरचे १४ ते ३४ दातांचे घ्यावे. ते जुन्याच आट्यांवर बसते आणि त्याच फेऱ्यात सायकल सुमारे १.७ मीटर जाते. वळणावरच्या तीव्र चढाला हा फरक गुडघ्यांना चांगला कळतो. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा जुना डिरेलर ३४ दातांना पुरत नसेल तर तोही बदलावा लागेल, म्हणून आधी विचारून घ्यावे.

जुनी म्हणून सायकल कमी प्रतीची असा समज असल्यास एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात तरुणांनी १९३० च्या दशकातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली शोधून, दुरुस्त करून डोंगरउतारावर पळवल्या, आणि त्यातूनच माउंटन बाइक जन्माला आली. त्यांचे पॅडल उलटे दाबून लागणारे ब्रेक उतारावर इतके तापत की आतले ग्रीस जळून जाई आणि दर फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे.

प्रश्न : मुलाच्या अॅल्युमिनियमच्या माउंटन बाइकला हँडलजवळ खालच्या नळीवर चीर गेली आहे. गॅरेजवाले आर्गॉन वेल्डिंग करून देतो म्हणतात. करावे का? (एक पालक, कोरेगाव)

उत्तर : करू नये. लोखंडी फ्रेम कुशल कारागिराने पितळी वेल्डिंगने जोडली तर पुष्कळदा पुढे वर्षानुवर्षे चालते. अॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी आहे. या फ्रेमसाठी बहुधा ६०६१ जातीचा मिश्रधातू वापरतात, आणि त्याची ताकद कारखान्यातल्या उष्णताप्रक्रियेतून येते. वेल्डिंगच्या आचेने सांध्याभोवतीची ती ताकद नाहीशी होते, आणि संपूर्ण फ्रेम पुन्हा त्या प्रक्रियेतून काढण्याची सोय गॅरेजमध्ये नसते. शिवाय धातू थकल्यामुळे चीर गेलेली असल्यास शेजारचा भागही तितकाच थकलेला असतो. हँडलजवळची नळी तुटली तर सायकलस्वार तोंडावर पडतो, त्यामुळे इथे काटकसर नको. चाके, गिअर, ब्रेकच्या मुठी आणि सीट चांगल्या असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी काढून ठेवाव्यात. नवी घेताना मुलाची उंची वाढणार म्हणून एक माप मोठी फ्रेम मात्र घेऊ नये. जमिनीवर दोन्ही पाय टेकवून उभे राहिल्यावर आडव्या नळीपासून किमान दोन इंच अंतर राहिले पाहिजे. फ्रेमवर घेण्याच्या वेळी कंपनीने हमी दिलेली असेल तर बिल शोधून पाहावे. चीर हमीच्या मुदतीत गेली असल्यास दुकानातून फ्रेम बदलून मिळू शकते.

प्रश्न : माझी जुनी २६ इंची सायकल उत्तम स्थितीत आहे. तिलाच डिस्क ब्रेक आणि २७.५ इंची चाके बसवून आजच्यासारखी करता येईल का? (एक वाचक, वाई)

उत्तर : बसवता येईल म्हणणारे भेटतील, पण पैसे वाया जातील. डिस्क ब्रेकसाठी फ्रेमवर आणि चिमट्यावर कॅलिपर (डिस्कला दाबणारी पकड) बसवण्याची जागा मुळातच जोडलेली असावी लागते, चाकाची माळही वेगळी लागते. वरून पट्ट्या लावून केलेली सोय जोराच्या ब्रेकला टिकत नाही, आणि मागच्या बारीक नळीवर तो ताण यावा अशी ती फ्रेम केलेलीच नसते. चाकांचे म्हणाल तर २७.५ इंची रिमचे माप ५८४ मिलिमीटर आणि २६ इंचीचे ५५९ आहे, म्हणजे त्रिज्येत साडेबारा मिलिमीटरचा फरक पडतो. तेवढ्याने रिमवर दाबणारे ब्रेकपॅड जागेवर येत नाहीत आणि मागचा टायर बऱ्याच फ्रेममध्ये नळ्यांना घासतो. आपल्याकडे २६ इंची टायर आणि ट्यूब अजून सर्रास मिळतात, त्यामुळे केवळ मापाच्या भीतीने काही बदलण्याची गरज नाही. ब्रेक जुन्या, मध्ये तार ताणणाऱ्या कँटिलिव्हर पद्धतीचे असतील तर त्याच खुंट्यांवर लांब दांड्यांचे व्ही-ब्रेक बसतात. मुठी मात्र व्ही-ब्रेकच्याच घ्याव्या लागतील, कारण त्या केबल अधिक ओढतात. जुन्या मुठींवर व्ही-ब्रेक अर्धवटच लागतो.