इंग्लंडमध्ये दारूविक्रीचं पर्सनल लायसन्स असलेल्याला कोर्टात शिक्षा झाली, तर कौन्सिल (तिथलं स्थानिक प्रशासन) ते लगेच रद्द करते का?
लगेच नाही. गुन्हा लायसन्सिंग ॲक्ट, २००३ च्या चौथ्या परिशिष्टात हवा (चोरी, दारू पिऊन गाडी चालवणं वगैरे). शिक्षेविरुद्ध अपील करायची मुदत संपल्यावर कौन्सिल नोटीस देते. म्हणणं मांडायला २८ दिवस मिळतात. रद्द न करण्याकडे कल असेल, तर पोलिसांना विचारावंच लागतं, त्यांना १४ दिवस. मग रद्द किंवा जास्तीत जास्त सहा महिने निलंबन. त्यावर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे अपील. तोवर निर्णय लागू होत नाही.

बरेच जण अडकतात ते वेगळीकडेच: आपल्याकडे लायसन्स आहे हे कोर्टाला आणि शिक्षा झाली हे लायसन्स देणाऱ्या कौन्सिलला स्वतःहून कळवत नाहीत. तो स्वतंत्र गुन्हा आहे. आणि हाच माणूस पबचा नेमलेला सुपरवायझर (पबच्या लायसन्सवर नाव असलेला, दारूविक्रीला जबाबदार माणूस) असेल, तर लायसन्स जाताच तिथली दारूविक्री थांबते. बदली माणूस आधीच बघून ठेवा.