पॅकेट ‘सोडले’ म्हणजे आत घेतले की टाकून दिले?

प्रश्न असा आहे : लिनक्सच्या फायरवॉलमधल्या एका दोषाबद्दलच्या मराठी टिपणात ‘कर्नलने पॅकेट सोडून दिले’ असे वाक्य आले आहे. मुळात तिथे ‘ड्रॉप’ आहे. (पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून येणारा माहितीचा छोटा तुकडा, फायरवॉल म्हणजे तो आत घ्यायचा की नाही हे ठरवणारा पहारेकरी, आणि कर्नल म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा.) हा प्रतिशब्द बरोबर आहे का? आणि ‘यूज आफ्टर फ्री’ या मेमरीच्या वापरातल्या चुकीला ‘मुक्तोत्तर वापर’ म्हणावे का?

‘सोडणे’ इथे चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे हे क्रियापद दोन उलट दिशांना जाते. धरणातून पाणी सोडतात तेव्हा ते वाहू लागते; हक्कावर पाणी सोडतात तेव्हा हक्कच जातो. शिपाई एखाद्याला आत सोडतो, आणि आपण नोकरी सोडतो. ‘फायरवॉलने पॅकेट सोडले’ हे वाक्य दहा जणांना वाचायला द्या. बरेच जण ते आत आले असेच समजतील. ‘सोडून दिले’ म्हटल्याने फारसा फरक पडत नाही, कारण पोलीसही माणसाला सोडूनच देतात.

हा निव्वळ शब्दांचा कीस नाही. ज्या दोषाबद्दल ते टिपण आहे, त्या सीव्हीई-२०२४-१०८६ मध्ये (हा सुरक्षादोषांच्या जाहीर यादीतला त्याचा क्रमांक) नेमका हाच गोंधळ खुद्द कर्नलचा झाला होता. नेटफिल्टर या कर्नलमधल्या फायरवॉल-यंत्रणेच्या एनएफ-टेबल्स या भागात प्रत्येक पॅकेटबद्दल निवाडा होतो आणि तो एका आकड्यात लिहिला जातो. ड्रॉप म्हणजे ०, अ‍ॅक्सेप्ट म्हणजे १. त्याच आकड्याच्या वरच्या १६ बिट्समध्ये (बिट म्हणजे ० किंवा १ मावणारे घर) ड्रॉपसोबत एक त्रुटिसंकेतही ठेवता येई, आणि नियम लिहिणाऱ्याने तिथे काय भरले आहे याची तपासणी होत नव्हती. ते सगळे बिट एकने भरले की त्यांचा अर्थ उणे १ होई. कर्नल निवाडा ‘ड्रॉप’ असा वाचून पॅकेटची मेमरी मोकळी करी, मग त्रुटिसंकेताचे चिन्ह उलटवून उत्तर परत करी : १. म्हणजे अ‍ॅक्सेप्ट! पुढच्या कोडच्या लेखी पॅकेट आत आलेले असे, म्हणून तो ते हाताळत राही आणि शेवटी तीच मेमरी पुन्हा एकदा मोकळी करी. एवढ्या फटीतून संगणकावरचा साधा वापरकर्ता रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मिळवू शकत होता. दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्ये आली. दोष मात्र २०१४ सालच्या ३.१५ आवृत्तीपासूनचा. अशा दोषाचे वर्णन करताना तरी दोन्हीकडे झुकणारा शब्द वापरू नये.

मग काय वापरावे? फिल्टर म्हटल्यावर ‘गाळणे’ लगेच सुचते, मलाही आधी तेच सुचले. पण गाळलेला चहा आपण पितो आणि गाळलेल्या जागा भरतो : एकीकडे राहिलेले, दुसरीकडे वगळलेले. तीच अडचण. नुसते ‘टाकणे’ही नको, कारण पत्र टाकले की ते पोचते. ‘अडवणे’ जवळचे आहे, पण अडवलेली वस्तू दारात शिल्लक राहते. इथे पॅकेट उरतच नाही. म्हणून ‘टाकून देणे’. ‘रिजेक्ट’साठी ‘नाकारणे’ राखून ठेवावे, कारण त्यात पाठवणाऱ्याला तसे कळवलेही जाते. बोलताना ‘पॅकेट ड्रॉप झालं’ म्हणतात ते उत्तमच आहे, ते बदलायची काही गरज नाही.

आता ‘मुक्तोत्तर वापर’. संधी निर्दोष आहे, पण वाचणाऱ्याला मोक्ष आठवेल. ‘रिकामी केलेली मेमरी’ हे तर चूकच, कारण फ्री केल्याने आतला मजकूर पुसला जातोच असे नाही. फक्त त्या जागेवरचा आपला ताबा संपतो आणि ती दुसऱ्या कुणाला देता येते. भाड्याची खोली सोडताना किल्ली परत करतो, तसे ते आहे. दुसरा भाडेकरू आल्यावर जुन्या किल्लीने दार उघडणे म्हणजे ‘यूज आफ्टर फ्री’. मी ‘परत केलेल्या मेमरीचा वापर’ असे लिहीन. ‘डबल फ्री’ला ‘तीच मेमरी दोनदा परत करणे’. लांब आहे, मान्य. पण पहिल्या वाचनात कळते.

टिपणातले वाक्य मग असे होईल : ‘कर्नलने पॅकेट टाकून दिले, त्याची मेमरी परत केली, आणि तरीही ते स्वीकारल्याचे कळवले.’